सस्पेंशन लिफ्ट

सस्पेंशन लिफ्ट म्हणजे मोटारीच्या सस्पेंशनमधील स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर किंवा त्यांच्या बैठकांमध्ये बदल करून चासी व बॉडी यांची जमिनीपासूनची उंची मूळ रचनेपेक्षा वाढवणे होय. हा बदल प्रामुख्याने कच्च्या, खडकाळ किंवा चिखलाच्या वाटांवर वापरल्या जाणाऱ्या एसयूव्ही, जीप आणि पिकअप प्रकारच्या वाहनांत केला जातो. सुमारे २५ ते ५० मिलिमीटर (१ ते २ इंच) एवढी वाढ 'माफक लिफ्ट' समजली जाते. १०० मिमी किंवा त्याहून अधिक वाढ करावयाची असल्यास सस्पेंशनच्या भुजा, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि प्रॉपेलर शाफ्ट यांत मोठे फेरफार करावे लागतात.

लिफ्टमुळे गाडीचे पोट, बंपर आणि पायदान अडथळ्यांपासून दूर राहतात व मोठ्या व्यासाचे टायर बसवण्यास जागा मिळते. त्याच वेळी वाहनाचा गुरुत्वमध्य वर सरकतो, स्टिअरिंगची भूमिती बदलते आणि सांध्यांवरील ताण वाढतो. रोजच्या रस्त्यावरील वापर आणि अधूनमधून होणारा ऑफ-रोड वापर यांचा मेळ घालण्यासाठी माफक लिफ्ट अधिक प्रचलित आहे.

## मूलभूत संज्ञा

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे सपाट जमिनीपासून वाहनाच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर. कठोर ॲक्सल असलेल्या वाहनांत हा भाग बहुधा डिफरन्शिअलचा फुगीर गोळा असतो. हा गोळा ॲक्सलचाच भाग असल्याने आणि ॲक्सल थेट चाकांवर टेकलेला असल्याने स्प्रिंग उंच केल्याने त्याची उंची वाढत नाही. ती केवळ टायरचा व्यास वाढवल्याने वाढते, आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्म्याने.

आगमन कोन हा पुढील टायर आणि पुढील बंपरचा खालचा भाग यांमुळे ठरणारा कोन आहे. त्याहून तीव्र चढाला सामोरे जाताना बंपर आधी टेकतो. निर्गमन कोन हा मागील बाजूचा तसाच कोन होय. उंचवटा कोन (रॅम्प ब्रेकओव्हर कोन) हा पुढील व मागील चाकांच्या मध्ये एखादा उंचवटा आल्यास पोट न टेकता तो पार करण्याची क्षमता दर्शवतो.

चाकाची चाल म्हणजे चाक वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती अंतर हलू शकते ते. सामान्य स्थितीपासून वर जाणाऱ्या भागाला 'बंप' आणि खाली जाणाऱ्या भागाला 'ड्रूप' म्हणतात. खडबडीत जमिनीवर चारही चाके भूमीला टेकलेली राहणे हे ड्रूपवर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

१९४१ पासून उत्पादित झालेल्या विलीज एमबी या सैनिकी जीपमध्ये पुढे व मागे कठोर ॲक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे पाटे, होते. साधेपणा आणि दुरुस्तीतील सुलभता यांमुळे हीच रचना पुढील अनेक दशके चारचाकी चालनाच्या वाहनांत टिकून राहिली. १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हरने चारही चाकांवर लांब चालीच्या कॉइल स्प्रिंग देऊन रस्त्यावरील आराम आणि कच्च्या वाटेवरील पकड यांचा मेळ घातला. लँड रोव्हरच्या वन टेन या नमुन्यात १९८३ मध्ये, तर टोयोटा लँड क्रूझरच्या ८० मालिकेत त्या दशकाच्या अखेरीस कॉइल स्प्रिंगचा स्वीकार झाला. पुढे अनेक एसयूव्हींमध्ये पुढील चाकांसाठी स्वतंत्र सस्पेंशन रूढ झाले.

मूळ कारखानदार स्प्रिंग निवडतो ती रिकाम्या किंवा हलक्या भारातील गाडी, शहरी रस्ते आणि प्रवाशांचा आराम लक्षात घेऊन. दुर्गम भागांत प्रवास करणारे लोक विंच, पोलादी बंपर, जादा इंधन व पाणी असा भार वाहतात, तेव्हा अशा स्प्रिंग खचतात. या गरजेतून ऑस्ट्रेलियात सुट्या सस्पेंशन संचांचा मोठा उद्योग उभा राहिला. १९७५ मध्ये मेलबर्न येथे स्थापन झालेली एआरबी ही कंपनी आणि तिची 'ओल्ड मॅन एमू' ही सस्पेंशन मालिका हे त्याचे परिचित उदाहरण आहे. वाहनाला उंची देणे हा या संचांचा एक हेतू असतो. लादलेल्या भारासह वाहनाला योग्य उंचीवर आणि नियंत्रणात ठेवणे हा दुसरा हेतू तितकाच महत्त्वाचा असतो.

## प्रकार

कॉइल स्प्रिंग बदलणे. मूळ स्प्रिंगऐवजी अधिक लांब किंवा अधिक ताठ स्प्रिंग बसवली जाते. सोबत जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर बसवल्यास हा माफक लिफ्टचा सर्वांत समतोल मार्ग मानला जातो.

स्पेसर. स्प्रिंगच्या वर किंवा खाली रबर, पॉलियुरेथेन किंवा धातूची चकती ठेवून उंची मिळवली जाते. स्प्रिंगचा ताठरपणा त्यामुळे बदलत नाही. हा स्वस्त मार्ग आहे, परंतु जुन्या, थकलेल्या स्प्रिंगवर तो केला असता मूळ दोष तसाच राहतो. स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या पुढील जोडणीच्या वरच्या टोकाला स्पेसर बसवल्यास संपूर्ण जोडणी खाली सरकते. परिणामी चाक मूळ रचनेत अपेक्षित नसलेल्या मर्यादेपर्यंत खाली लोंबू शकते आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. दुहेरी विशबोन रचनेत ही जोडणी चाकापासून आत, भुजेच्या मधल्या भागावर टेकलेली असते. म्हणून स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकापाशी मिळणारी उंची जास्त असते.

लीफ स्प्रिंगमधील बदल. पाट्यांच्या जुडग्यात एक जादा पाटा घालणे, अधिक कमानदार पाटे बसवणे किंवा शॅकल लांब करणे हे प्रकार आढळतात. शॅकलच्या लांबीत केलेल्या वाढीपैकी साधारण निम्मीच वाढ गाडीच्या उंचीत दिसते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागीच राहते. मागील ॲक्सल व पाटे यांमध्ये ठोकळे घालण्याची पद्धतही आहे, परंतु पुढील, वळणाऱ्या ॲक्सलवर असे ठोकळे वापरणे धोकादायक समजले जाते.

टॉर्शन बार फिरवणे. टॉर्शन बार असलेल्या वाहनांत समायोजनाचा बोल्ट आवळून पुढची बाजू उचलता येते. यासाठी सुटा भाग लागत नाही. मात्र दांडीचा ताठरपणा वाढत नाही आणि मिळालेली उंची पूर्णतः ड्रूपमधून वजा होते.

बॉडी लिफ्ट. चासी आणि बॉडी यांच्यामधील माउंटवर ठोकळे घालून केवळ बॉडी उचलली जाते. यात सस्पेंशन बदलत नाही व चासीची उंचीही वाढत नाही, फक्त टायरला जागा मिळते. म्हणून बॉडी लिफ्ट हा सस्पेंशन लिफ्टहून वेगळा प्रकार गणला जातो.

## परिणाम

### अडथळे पार करण्याची क्षमता

चाकांच्या ॲक्सलमधील अंतर *ल* आणि मध्यभागी पोटाची उंची *उ* असल्यास उंचवटा कोन ढोबळमानाने २ × टॅन⁻¹(२उ/ल) या सूत्राने काढता येतो. ल = २,५०० मिमी आणि उ = २२० मिमी असल्यास तो सुमारे २० अंश येतो. ४० मिमी लिफ्टनंतर, म्हणजे उ = २६० मिमी असताना, तो सुमारे २३.५ अंश होतो. उत्पादक हा कोन टायरच्या परिघाला स्पर्श करणाऱ्या रेषेवरून मोजतात, त्यामुळे त्यांचे आकडे या सूत्रापेक्षा मोठे असतात. वाढीचे प्रमाण मात्र यावरून लक्षात येते.

जड वाहनांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत परिस्थिती वेगळी असते. चाके चाकोरीत उतरली की मधला उंचवटा सर्वप्रथम डिफरन्शिअलला भिडतो. कठोर ॲक्सलच्या गाडीत अशा ठिकाणी सस्पेंशन लिफ्टचा उपयोग होत नाही. मोठे टायर किंवा चाके चाकोरीबाहेर उंचवट्यावर ठेवून चालवण्याचे कौशल्य हेच तेथे उपयोगी पडते.

### गुरुत्वमध्य आणि उलटण्याचा धोका

वाहनाची कडेला उलटण्याची प्रवृत्ती मोजण्याचे सोपे माप म्हणजे स्थितिक स्थैर्य गुणक. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की हा गुणक मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून वाहनांच्या उलटण्याविषयीच्या मानांकनात त्याचा उपयोग केला आहे.

चाकांमधील अंतर १,५०० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिमी असलेल्या वाहनाचा गुणक १.०७ येतो. गुरुत्वमध्य ४० मिमीने वर गेल्यास तो १.०१ होतो. दुसऱ्या शब्दांत, कागदावरील उलटण्याचा कोन सुमारे ४७ अंशांवरून सुमारे ४५ अंशांवर येतो. चाके व ॲक्सल यांचे वस्तुमान स्प्रिंगखाली असल्याने लिफ्टने ते उचलले जात नाही आणि गुरुत्वमध्यातील प्रत्यक्ष वाढ लिफ्टपेक्षा थोडी कमी असते. दुसरीकडे वळणावर बॉडी बाहेर झुकणे, टायर दबणे आणि छतावरील कॅरिअरवर ठेवलेले सामान यांमुळे प्रत्यक्षातील मर्यादा गणितापेक्षा बरीच खाली येते. घाटातील वळणावर अचानक स्टिअरिंग फिरवावे लागल्यास किंवा आडव्या उतारावरून जाताना एक चाक खड्ड्यात गेल्यास हा फरक निर्णायक ठरू शकतो. उंचीवाढ माफक ठेवण्यामागील सर्वांत सबळ कारण हेच आहे.

### कठोर ॲक्सलची भूमिती

पुढील कठोर ॲक्सल सामान्यतः मागे जाणाऱ्या दोन रेडियस भुजांनी चासीला जोडलेला असतो. चासी वर गेली की भुजेचे मागील टोक वर जाते आणि ॲक्सल पुढच्या बाजूस किंचित फिरतो. त्यामुळे कॅस्टर कोन कमी होतो. भुजेची लांबी ८०० मिमी असल्यास ४० मिमी लिफ्टने सुमारे २.९ अंश कॅस्टर घटतो. वळण घेतल्यानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होणे हे कॅस्टरवर अवलंबून असल्याने, तो कमी झालेली गाडी महामार्गावर सरळ धावत नाही व सतत सावरावी लागते. यावर उपाय म्हणून भुजेच्या टोकाशी केंद्र सरकवलेले बुश, बदललेल्या आकाराच्या भुजा किंवा भुजेचा चासीकडील आधार खाली घेणारे ब्रॅकेट वापरतात.

ॲक्सलला आडवे धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चासीशी व दुसऱ्या टोकाला ॲक्सलशी जोडलेला असतो. गाडी उंचावली की त्याचा उतार वाढतो आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो. ९०० मिमी लांबीचा रॉड पूर्वी आडवा असेल तर ५० मिमी लिफ्टने ॲक्सल जेमतेम १.४ मिमी सरकतो. परंतु त्याच रॉडच्या दोन टोकांत आधीच १०० मिमीचा फरक असल्यास हेच सरकणे सुमारे ७ मिमी होते. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या पॅनहार्ड रॉडने ही त्रुटी दूर करता येते. पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहणेही आवश्यक असते. एकाचा कोन बदलून दुसऱ्याचा तसाच ठेवल्यास खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग आपोआप वळते. या दोषाला 'बंप स्टिअर' म्हणतात.

### स्वतंत्र सस्पेंशनची भूमिती

दुहेरी विशबोन रचनेत लिफ्टनंतर भुजा खाली झुकतात. त्यासोबत चाकाचा कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही कोन बदलतात. चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट अधिक तिरप्या स्थितीत फिरतात, त्यांची रबरी आवरणे लवकर फाटतात व आत चिखल गेल्यास सांधा खराब होतो. वरच्या भुजेचा बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या टोकाजवळ काम करू लागतो. म्हणूनच पुढे स्वतंत्र सस्पेंशन असलेल्या वाहनांत मूळ भुजांसह केलेली उंचीवाढ साधारण ५० मिमीच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. त्यापुढे बदललेल्या वरच्या भुजा आणि डिफरन्शिअल खाली घेणारे ब्रॅकेट यांची गरज भासते.

### अन्य परिणाम

उंची वाढताच हेडलाइटचा झोत वर जातो व समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. ब्रेकच्या रबरी नळ्या व एबीएसच्या तारा चाक पूर्ण लोंबल्यावर ताणल्या जाऊ शकतात. मागील ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा झडप असलेल्या वाहनांत, चासी व ॲक्सल यांतील अंतर वाढल्याने झडप गाडी रिकामी असल्याचा अर्थ घेतो आणि मागील ब्रेकचा जोर कमी करतो. अशा वेळी झडपेची जोडदांडी समायोजित करावी लागते. इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण मूळ उंची व टायर गृहीत धरून जुळवलेले असते. कॅमेरा व रडारवर आधारित चालक-साहाय्य यंत्रणांचेही पुन्हा अंशांकन करावे लागते. वाऱ्याचा रोध व टायरचे वजन वाढल्याने इंधनखर्च वाढतो आणि वृद्ध व्यक्ती व लहान मुलांना गाडीत चढणे कठीण जाते.

## निवडीचे निकष

### वापराचे स्वरूप

लिफ्ट स्वतःहून चाकांची पकड वाढवत नाही. गाडी अडकण्याचे कारण चाके जागीच फिरणे हे असेल, तर योग्य नक्षीचे टायर, हवेचा दाब कमी करणे आणि डिफरन्शिअल लॉक हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. पोट एखाद्या वेळी दगडाला घासत असेल, तर इंजिन, गिअरबॉक्स व इंधन टाकीखाली पोलादी संरक्षक पत्रे पुरेसे होतात. पोट, बंपर किंवा पायदान वारंवार टेकत असल्यास, किंवा कायमस्वरूपी भारामुळे गाडी खचली असल्यास लिफ्टचा विचार सयुक्तिक ठरतो.

### कायमचा भार

स्प्रिंगची निवड नेहमी वाहन ज्या भारासह प्रत्यक्षात चालणार आहे, त्या भारावरून केली जाते. हूकच्या नियमानुसार स्प्रिंगचे दबणे भाराच्या प्रमाणात असते. पुढील बंपर व विंच यांचे एकत्रित वजन ८० किलो असून ते पुढील ॲक्सलच्या ०.७ मीटर पुढे आहे आणि ॲक्सलमधील अंतर २.५९ मीटर आहे असे मानल्यास, तरफेच्या तत्त्वाने पुढील ॲक्सलवर सुमारे १०२ किलो भार वाढतो व मागील ॲक्सलवरील भार सुमारे २२ किलोने घटतो. प्रत्येक पुढील स्प्रिंगच्या वाट्याला सुमारे ५१ किलो, म्हणजे ५०० न्यूटन येतात. स्प्रिंग स्थिरांक ३० न्यूटन प्रति मिमी असल्यास ती सुमारे १७ मिमी दबते. अशा गाडीत रिकाम्या वाहनासाठी आखलेली '४० मिमी'ची स्प्रिंग प्रत्यक्षात केवळ २३ मिमी उंची देते.

याउलट जड भारासाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीत बसवल्यास गाडी अपेक्षेपेक्षा उंच उभी राहते, धक्के जाणवतात आणि चाके खड्ड्यांत पुरेशी खाली उतरत नाहीत. बहुतेक उत्पादक एकाच उंचीच्या स्प्रिंग हलका, मध्यम व जड अशा भारवर्गांत देतात, ते यामुळेच.

ताठ स्प्रिंग बसवल्याने वाहनाचे मान्य कमाल एकूण वजन वाढत नाही. ते ॲक्सल, ब्रेक, चासी व टायर यांच्या क्षमतेवरून उत्पादकाने ठरवलेले असते.

### शॉक ॲब्सॉर्बर

मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसेच ठेवून केवळ उंच स्प्रिंग बसवल्यास चाकाची एकूण चाल वाढत नाही, तिची विभागणी बदलते. १०० मिमी बंप आणि १०० मिमी ड्रूप असलेल्या वाहनात ४० मिमी लिफ्टनंतर बंप १४० मिमी व ड्रूप ६० मिमी होतो. गतिरोधकावरून उतरताना शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन ठोका बसतो आणि ऑफ-रोड वाटेवर चाक लवकर हवेत उचलले जाते. म्हणजे ज्या पकडीसाठी बदल केला, तीच कमी होते. यासाठी उंचीवाढीइतके अधिक लांब शॉक ॲब्सॉर्बर निवडले जातात. त्यांची दबलेल्या स्थितीतील लांबीही अधिक असल्यास ते आतून आपटू नयेत म्हणून बंप स्टॉप तितकेच लांब करावे लागतात.

स्प्रिंग ताठ झाली की ती परत उसळण्याचा जोरही वाढतो. तो आवरण्याइतके अवमंदन नसल्यास गाडी एका उंचवट्यानंतर अनेकदा हेलकावे खाते. म्हणून स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उत्पादकाने जुळवलेल्या संचातून घेणे श्रेयस्कर मानले जाते.

### टायर

टायरचा आकार लिफ्टच्या आधी निश्चित करणे सोयीचे असते, कारण आवश्यक उंची बरीचशी त्यावरूनच ठरते. मोठा टायर सपाट जमिनीवर मोकळा फिरला तरी स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक वर दाबल्यावर मडगार्ड, चासी किंवा भुजेला घासू शकतो. व्यास वाढल्याने स्पीडोमीटर व किलोमीटरची नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, गिअरचे गुणोत्तर उंचावते आणि ब्रेकवरील ताण वाढतो.

## उदाहरणे

सुझुकी जिम्नी (पाच दरवाजे). भारतात २०२३ मध्ये विक्रीस आलेल्या या वाहनात शिडीसारखी चासी, दोन्ही बाजूंस कठोर ॲक्सल व कॉइल स्प्रिंग आहेत. ॲक्सलमधील अंतर २,५९० मिमी व ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे. मूळ टायर १९५/८० आर१५ आकाराचे आहेत. टायरच्या आकारानुसार होणारा बदल पुढीलप्रमाणे आहे.

| टायर | व्यास (मिमी) | ॲक्सलच्या उंचीतील वाढ (मिमी) |
|---|---|---|
| १९५/८० आर१५ (मूळ) | ६९३ | – |
| २१५/७५ आर१५ | ७०३.५ | सुमारे ५ |
| २३५/७५ आर१५ | ७३३.५ | सुमारे २० |

२३५/७५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ५.८ टक्क्यांनी मोठा आहे. अचूक स्पीडोमीटर ताशी ८० किमी दाखवत असताना अशी गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ८५ किमी वेगाने धावते. पुढील ॲक्सल रेडियस भुजांवर असल्याने ४० मिमीच्या आसपास लिफ्ट केल्यास कॅस्टरची दुरुस्ती विचारात घ्यावी लागते. या वाहनाचे रिकामे वजन सुमारे १,२०० किलो आणि कमाल एकूण वजन १,५४५ किलो आहे. प्रत्येकी ७० किलोच्या चार प्रौढ व्यक्ती बसल्यावर सामानासाठी जेमतेम ६५ किलो उरतात. त्यामुळे पोलादी बंपर, विंच व छतावरील कॅरिअर ही सर्व साधने एकाच वेळी बसवणे या वाहनाच्या मर्यादेत बसत नाही.

महिंद्रा थार. २०१० च्या पहिल्या पिढीच्या थारमध्ये पुढे टॉर्शन बारसह स्वतंत्र सस्पेंशन आणि मागे पाटे होते. त्यामुळे तेथे टॉर्शन बार फिरवणे आणि मागे पाट्यांत बदल करणे असा दुहेरी मार्ग अवलंबला जाई. २०२० च्या दुसऱ्या पिढीत पुढे दुहेरी विशबोन व मागे कॉइल स्प्रिंगसह कठोर ॲक्सल आला. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे. या पिढीत पुढील बाजूची उंचीवाढ सीव्ही जॉइंट व वरच्या बॉल जॉइंटच्या कोनांनी मर्यादित होते, तर मागील ॲक्सलला तशी मर्यादा नसते. पुढे शक्य असेल तेवढीच वाढ मागे करून गाडीचा समतोल राखला जातो.

मारुती जिप्सी. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या जिप्सीत दोन्ही कठोर ॲक्सल पाट्यांच्या वर बसवलेले होते. स्पर्धांसाठी ही मांडणी उलटी करून पाटे ॲक्सलच्या वर घेण्याची पद्धत भारतात व परदेशांत रूढ झाली. त्यातून मिळणारी सुमारे १२५ मिमी किंवा अधिक उंची माफक लिफ्टच्या मर्यादेबाहेरची असून स्टिअरिंगची जोडणी, शाफ्ट व ब्रेकच्या नळ्या यांची नव्याने रचना करावी लागते.

महाराष्ट्र व गोव्यातील पावसाळी ऑफ-रोड वाटांवर चिखल, ओढे आणि जांभ्याचे निसरडे दगड ही मुख्य आव्हाने असतात. गोव्यात २०१४ पासून भरणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही स्पर्धा पावसाळ्यातील अशाच भूभागावर होते. इगतपुरी येथील महिंद्राच्या ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्रात वाहनचालनाचे शिक्षण दिले जाते. वाट निवडणे, चाक नेमके कोठे ठेवायचे हे ठरवणे आणि मंद गतीने चालवणे यांच्या जोरावर मूळ उंचीच्या वाहनानेही बहुतेक वाटा पार करता येतात.

## बसवणी आणि तपासणी

बसवणीपूर्वी चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंस मोजून नोंदवले जाते. टायरमधील हवेचा या मापावर परिणाम होत नसल्याने लिफ्टनंतरची खरी वाढ त्यावरून कळते. भुजांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळले जातात. चाके लोंबकळत असताना ते आवळल्यास बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत, ब्रेकच्या नळ्यांची लांबी आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून टायर घासतो का, हे तपासले जाते. नव्या स्प्रिंग सुरुवातीच्या काळात काहीशा बसतात. म्हणून काही शे किलोमीटरनंतर बोल्ट, उंची व अलाइनमेंट यांची पुन्हा तपासणी केली जाते.

## कायदेशीर बाबी

भारतात वाहनाच्या रचनेला मान्यता मिळते ती उत्पादकाने चाचणीसाठी सादर केलेल्या स्वरूपाला. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणातील निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, अधिनियमाने परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीस न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दाव्याविषयी वादही उद्भवू शकतो.

ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील बदलांसाठी 'व्हीएसबी १४' ही राष्ट्रीय संहिता असून टायर व सस्पेंशन मिळून सुमारे ५० मिमीपर्यंतची वाढ सर्वसाधारणपणे अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय मान्य होते. काही राज्यांत ही मर्यादा ७५ मिमी आहे. जर्मनीत मान्यताप्राप्त सुटे भाग आणि तांत्रिक तपासणी यांवर भर असतो. अमेरिकेत बंपर किंवा चासीच्या कमाल उंचीविषयीचे नियम राज्यानुसार बदलतात.